सारख्याच बोटी, मग जिंकतं कोण?

रेडिओ कंट्रोलच्या शिडाच्या बोटींची शर्यत ही खिशांची शर्यत होऊ नये, म्हणून ‘ड्रॅगनफोर्स ६५’ या वर्गाचे नियम कडक ठेवले आहेत. मार्क डिक्स आणि जॉन टशिंगहॅम या ब्रिटिश रचनाकारांची ही ६५ सेंटिमीटर लांबीची बोट चीनची जॉयस्वे कंपनी कारखान्यात घाऊक बनवते.

त्याआधीच्या ‘आरजी ६५’ वर्गात लांबी, शिडाचं क्षेत्रफळ अशी मोजकी बंधनं पाळली की बाकी घडण मनाप्रमाणे करता येते. इथे मात्र नियमांत परवानगी लिहिलेली नसेल, तर तो बदल निषिद्ध! हे मला फार न्याय्य वाटतं.

पाण्यावर ‘वर्ल्ड सेलिंग’ या शिडाच्या बोटींच्या जागतिक संघटनेच्या नियमावलीतलं, रेडिओ कंट्रोल बोटींसाठीचं परिशिष्ट ‘ई’ लागू होतं. सुरुवातीच्या आधीच्या मिनिटात दर दहा सेकंदांनी पुकारा होतो. शेवटच्या दहात सेकंद न् सेकंद मोजला जातो. दुसऱ्याची वाट अडवली? बोटीला बाजूला नेऊन एक पूर्ण गिरकी घ्यायला लावायची, की दंड फिटला. तोवर चार बोटी पुढे निघून गेलेल्या असतात.

बोट सारखीच असल्यामुळे वारा वाचणं आणि शिडं नेमकी ताणणं यांवरच निकाल ठरतो. नवशिक्यांनी पहिली बोट याच वर्गातली घ्यावी.