पुरुषाची त्वचा आणि रोजची पाच मिनिटे

व्यापारी घरातील कर्ता पुरुष सकाळी दुकान उघडले की आधी काउंटरची काच पुसून घेतो, वजनकाट्यावरील धूळ झटकतो, मृगाचा पाऊस जवळ आला की गोदामाच्या भिंतींना ओल धरली आहे काय, हे स्वतः जाऊन पाहतो. मालाची इतकी निगा राखणारा हाच गृहस्थ स्वतःच्या चेहऱ्याला मात्र अंगाचाच साबण फासतो, घाईने दाढी उरकतो आणि बाहेर पडतो. क्रीम-लोशन हा घरातील स्त्रियांचा प्रांत, पुरुषाने त्यात लक्ष घालणे म्हणजे नटवेपणा, अशी समजूत कित्येक घरांत आजही पक्की आहे.

या समजुतीत एक घोटाळा आहे. निगा आणि शृंगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्वचा हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव. आतील पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरील जंतू, धूळ, रसायने आत येऊ न देणे, हे तिचे काम. पुरुषाची त्वचा स्त्रीच्या त्वचेपेक्षा जाड असते, पुरुषी संप्रेरकांमुळे तिच्यातून तेलही अधिक पाझरते. त्यामुळे ती राकट दिसते आणि तिला काही लागत नाही असे वाटते. वस्तुतः तीच त्वचा वर्षानुवर्षे वस्तऱ्याखाली जाते आणि उन्हात व धुळीत अधिक राहते. मिरची-हळदीच्या आडतीवर, सिमेंटच्या दुकानात किंवा नव्या कापडाच्या गठ्ठ्यांत दिवस काढणाऱ्याच्या त्वचेवर तर त्या त्या मालाचाही परिणाम होतो. सिमेंटमधील क्रोमियममुळे आणि कापडाच्या फिनिशिंगमधील फॉर्माल्डिहाइडमुळे हातांना चिवट खाज व इसब होऊ शकते, हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. मिरचीची आग नुसत्या पाण्याने जात नाही, कारण तिच्यातील तिखट द्रव्य तेलात विरघळते. आधी थोडे खाद्यतेल चोळून मग साबण लावला तर हात लवकर शांत होतात.

रोजच्या निगेत करावयाचे आहे तरी किती? सकाळ-संध्याकाळ चेहरा सौम्य द्रव्याने धुणे, ओलसर त्वचेवर आर्द्रता टिकवणारे काही लावणे आणि दिवसा उन्हापासून रक्षण करणे. बाजारात याहून पुष्कळ काही विकले जाते. त्यातील बहुतेक गोष्टींवाचून निरोगी पुरुषाचे काही अडत नाही.

साबणाविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू साधारण पाचच्या आसपास. नेहमीच्या वडीच्या साबणाचा सामू नऊ-दहापर्यंत जातो. म्हणून धुतल्यावर चेहरा ‘करकरीत’ वाटतो. तो करकरीतपणा स्वच्छतेचा नसून तेलाचा थर पार निघून गेल्याचा असतो. साबणाच्या वेष्टनावर टीएफएम हा आकडा छापलेला असतो, तोही पाहावा. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६० असावा लागतो. ‘बेदिंग बार’ म्हणून विकली जाणारी वडी वेगळ्या वर्गात मोडते आणि तिला ४० टक्के पुरतात. ज्याला धान्याची प्रत मुठीत घेऊन कळते, त्याने साबणाची प्रत जाहिरातीतील चेहऱ्यावरून ठरवावी, हे नवलच. तथापि टीएफएम जास्त म्हणजे साबण सौम्यच, असेही नाही. चेहरा कोरडा पडत असेल तर साबणविरहित फेसवॉश घ्यावा.

दाढी स्नानानंतर करावी, म्हणजे केस मऊ झालेले असतात. वस्तरा केसांच्या वाढीच्या दिशेने एकदाच फिरवावा. उलट फिरवून गुळगुळीत दाढी करण्याच्या हौसेपायी केस त्वचेखाली वळतात आणि मानेवर लाल पुटकुळ्या उठतात. तुरटी रक्त थांबवते हे खरे, पण ती त्वचा कोरडीही करते. तिच्यानंतर मॉइश्चरायझर लावणे आवश्यक. तो लावण्याची योग्य वेळ म्हणजे चेहरा टिपल्यानंतरचे पहिले दोन-तीन मिनिट, त्वचेवर ओल असतानाच. तेलकट चेहऱ्याला पातळ जेल आणि कोरड्याला घट्ट क्रीम, एवढा विवेक पुरे.

उन्हाचे प्रकरण पुरुष सर्वांत हलक्यात घेतात. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात २०१२ मध्ये अमेरिकेतील एका ६९ वर्षांच्या मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. २८ वर्षे गाडी चालवलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी होती. डावी बाजू मात्र खोल सुरकुत्यांनी भरून लोंबली होती. त्या देशात चालक डावीकडे बसतो आणि खिडकीतून येणारे ऊन त्याच बाजूला पडत राहिले होते. सूर्याचे अतिनील ‘बी’ किरण काच बहुतांशी अडवते, ‘ए’ किरण मात्र तिच्यातून आत येतात. आपल्याकडे चालकाची जागा उजवीकडे, एवढाच काय तो फरक. वसुलीसाठी दर आठवड्याला गावोगाव गाडी हाकणाऱ्या किंवा रस्त्यालगतच्या काचेशी गल्ला मांडून बसणाऱ्या गृहस्थाने आरशात दोन्ही गाल ताडून पाहावेत.

सनस्क्रीनवरील एसपीएफ हा आकडा ‘बी’ किरणांचा आहे. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के किरण अडवते आणि ५० सुमारे ९८ टक्के. तेव्हा या दोहोंतील फरकासाठी फार पैसे मोजू नयेत. ‘ए’ किरणांसाठी पीए हे अक्षर व त्यापुढील अधिकची चिन्हे पाहावीत. मात्र मात्रा पुरेशी हवी. तर्जनी आणि मधले बोट यांवर आडवी नव्हे, लांबीभर पट्टी काढली तर तेवढे चेहरा व मानेला लागते. आत खोलवर असलेल्या दुकानात बसणाऱ्याला सकाळी एकदा लावणे पुरते. उन्हात फिरणाऱ्याने दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे आणि टोपीची लाज बाळगू नये. करांची एक गंमत येथे नोंदवण्यासारखी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शेव्हिंग क्रीम, आफ्टरशेव्ह यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, सनस्क्रीन मात्र १८ टक्क्यांतच राहिले. करखात्याच्या लेखी उन्हापासून रक्षण ही अजून चैनच आहे.

अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या घरांत आणखी एक बाब तपासावी लागते. साबणाच्या घटकांत ‘सोडियम टॅलोएट’ असेल तर तो प्राण्यांच्या चरबीचा. ‘सोडियम पामेट’ पामतेलाचा असतो. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून मिळते, कार्माइन हा लाल रंग किड्यांपासून तयार होतो, बीजवॅक्स म्हणजे मधमाश्यांचे मेण. ग्लिसरीन वनस्पतिजन्यही असते आणि प्राणिजन्यही, म्हणून तेथे उत्पादकाला विचारणे हाच मार्ग. पेट्रोलियम जेली खनिज तेलातून निघते, तिची चिंता नाही. ताटातील कंदमुळांविषयी दक्ष असणाऱ्या अनेक घरांत दाढीच्या ब्रशकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. जुन्या पद्धतीचे ब्रश डुकराच्या किंवा बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचे असतात. कृत्रिम धाग्याचे ब्रश सर्वत्र मिळतात, घेताना विचारायचे तेवढे. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना भारताने २०१४ मध्ये बंदी घातली आणि त्याच वर्षी अशा चाचण्या झालेल्या मालाची आयातही थांबवली, ही समाधानाची गोष्ट. पौषधाच्या दिवशी शरीरसत्कार वर्ज्य असतो, त्या दिवशी यातले काहीही न केल्याने त्वचेचे बिघडत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे खरे नुकसान होते तिच्याकडे वळू. वर्षानुवर्षे दुर्लक्ष करणारा पुरुष एके दिवशी अचानक उपाय शोधतो, तो शेजारच्या औषधाच्या दुकानात. घट्ट पँट घालून दिवसभर गादीवर बसल्याने जांघेत गजकर्ण होते. डॉक्टरांना दाखवण्याचा संकोच असतो. औषधवाला ओळखीचा, तो एक ट्यूब पुढे करतो. दोन दिवसांत खाज थांबते आणि गुण आल्यासारखे वाटते. त्या ट्यूबमध्ये बुरशीनाशकाबरोबर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांसारखे स्टेरॉइड असते. ते लाली व खाज दाबते, त्वचेची प्रतिकारशक्ती कमी करते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. ट्यूब बंद केली की गजकर्ण दुप्पट होऊन परतते, मग पुन्हा तीच ट्यूब. एकाच टॉवेलने अंग पुसणाऱ्या घरात ते पत्नीला आणि मुलांनाही होते. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला बहुधा न जुमानणाऱ्या बुरशीच्या एका प्रजातीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. त्या नावात भारताचा निर्देश आहे, ही भूषणाची बाब नव्हे.

हीच मलमे गोरेपणासाठीही चेहऱ्यावर लावली जातात. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळतो. पुढे त्वचा कागदासारखी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात उभे राहवत नाही, आणि मलम सोडले तर चेहरा लालबुंद होऊन जळतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली, तरी गिऱ्हाईक मागते आणि विक्रेता देतो, हा व्यवहार थांबलेला नाही. औषधविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या घरांनी या मनाईकडे निव्वळ कागदी नियम म्हणून पाहू नये. ओळखीच्या माणसाला ‘नाही’ म्हणणे अवघड असते, पण त्याच्या मुलाच्या अंगावर गजकर्ण पसरल्यावर पुन्हा ट्यूब विकणे त्याहून अवघड वाटायला हवे.

बिनछापाच्या गोरेपणाच्या क्रीमचा धोका तर त्वचेपुरता राहत नाही. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका दुर्मिळ विकाराचे रुग्ण लागोपाठ आढळले. शोध घेता अनेकांच्या वापरात गोरेपणाची क्रीम निघाली आणि त्यांत पारा सापडला. वेष्टनावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटक नसलेली डबी कितीही स्वस्तात आली, परदेशातून भेट म्हणून आली, तरी ती घरात ठेवू नये.

रोज चेहरा-मान नीट धुणाऱ्या पुरुषाला एक फायदा न मागता मिळतो. तो स्वतःकडे पाहतो. मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखी जाड त्वचा दिसली तर कित्येक जण मळ समजून ती घासत राहतात. ते बहुधा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याचे चिन्ह असते. ज्या व्यवसायात बैठक अधिक आणि चालणे कमी, तेथे अशा वेळी रक्तातील साखर तपासून घेणे अगत्याचे. टिळ्याच्या जागी खाज किंवा काळा डाग उठू लागला तर कुंकवातील कृत्रिम रंग बाधत असण्याची शक्यता असते. काही दिवस तो बंद ठेवून पाहावा. महिनाभर न भरणारी जखम, आकार बदलणारा तीळ हे डॉक्टरांनाच दाखवावे. आणि एखादा फिकट चट्टा उठला, त्यावर स्पर्श किंवा गरम-थंड कळेनासे झाले, तर क्षणभरही लपवू नये. तो कुष्ठरोगाचा आरंभ असू शकतो. लवकर कळले तर बोटेही वाकडी होत नाहीत, रोग पूर्ण बरा होतो, आणि त्याचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते.