विद्यापीठीय क्रिकेट आणि तरुण द्रुतगती गोलंदाज

आळेफाट्याच्या पूर्वेस, जुन्नर तालुक्यातील बेल्हे या गावी सोमवारी भरणारा बैलबाजार पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. तेथे येणारा जाणता शेतकरी खोंडाचे दात पाहिल्यावाचून व्यवहार करीत नाही. आदत खोंड कितीही चपळ असला तरी त्याच्या मानेवर जड जू ठेवू नये, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याच परिसरातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या, अंगात वेग असलेल्या अठरा वर्षांच्या गोलंदाजाच्या बाबतीत मात्र हा विवेक क्वचितच दाखविला जातो.

द्रुतगती गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो त्या क्षणी त्याच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहूनही अधिक आघात त्या पायावाटे वर चढतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्याची कंबर एका अंगास झुकलेली व पिळलेली असते. उजव्या हाताने चेंडू टाकणाऱ्याच्या कमरेतील खालच्या मणक्यांना बहुधा डाव्या बाजूस बारीक तडा जातो, तो यामुळेच. कमरेतील हाडांची घनता विशीच्या मध्यापर्यंत वाढत असते. स्नायू मात्र त्याआधीच बळकट झालेले असतात. वेग आधी येतो, हाड मागून येते. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने 19 वर्षांखालील द्रुतगती गोलंदाजासाठी सलग 7 आणि दिवसभरात 18 षटकांची मर्यादा सुचविली, ती याच कारणास्तव.

हाडे पक्की होण्याची ही वर्षे आणि विद्यापीठातील वर्षे जवळजवळ एकच होत. आपल्याकडील आंतरविद्यापीठ क्रिकेटची परंपरा जुनी आहे. रोहिंटन बारिया करंडकाचे सामने 1935-36 पासून सुरू झाले. अजित वाडेकर यांनी मुंबई विद्यापीठाकडून 1958-59 मध्ये दिल्लीविरुद्ध 324 धावा केल्या. दिलीप सरदेसाई यांनी 1960-61 मध्ये पुण्यास पाकिस्तानच्या पाहुण्या संघाविरुद्ध भारतीय विद्यापीठांच्या संघातून 87 धावा काढल्या. ही नावे फलंदाजांची आहेत, हा केवळ योगायोग नव्हे. फलंदाजाला एक मोठी खेळी पुरते; गोलंदाजाला मोजून दिलेली अनेक वर्षे लागतात.

वाडेकरांनी ते त्रिशतक केले त्याच मोसमात वेस्ट इंडीजच्या वेस्ली हॉलने भारतात पाच कसोटींत 30 बळी घेतले. त्या काळी तेथील असे गोलंदाज क्लब क्रिकेटमधून वर येत. पुढे तो झरा आटू लागल्यावर तेथे निराळा मार्ग अवलंबण्यात आला. 2007-08 मध्ये विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या संयुक्त संघास प्रादेशिक प्रथम श्रेणी स्पर्धेत बार्बाडोस, जमैका इत्यादी संघांच्या पंक्तीस बसविण्यात आले. मध्यमगती मारा करणारा अष्टपैलू कार्लोस ब्राथवेट याच संघातून खेळला आणि 2018 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली संघाने प्रादेशिक एकदिवसीय स्पर्धा जिंकली. मधल्या काळात चार दिवसांच्या स्पर्धेतील स्थान गेले होते. ते 2024 मध्ये परत मिळाले. एका पराभवाने मोसम संपत नाही, समोर कसलेले फलंदाज असतात आणि शिक्षणही सुटत नाही, हे या योजनेचे खरे बळ.

2024 च्या जानेवारीत ब्रिस्बेन येथे 68 धावांत 7 बळी घेऊन वेस्ट इंडीजला 8 धावांनी कसोटी जिंकून देणारा शामार जोसेफ मात्र विद्यापीठातून आलेला नाही. गयानातील बाराकारा या नदीकाठच्या खेड्यातील हा तरुण पूर्वी सुरक्षारक्षक होता. त्याची कथा खेड्यातील मुलांना भुरळ घालते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु तिच्यावरून योजना आखता येत नाही, कारण अशाच वाटेवर पाठ मोडून घरी परतलेल्यांच्या कथा कोणी लिहीत नाही.

ग्रामीण महाविद्यालयाचा संघ बाद पद्धतीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला, तर त्याच्या गोलंदाजास कातडी चेंडूने वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच षटके मिळतात. मग उन्हाळा येतो. गावोगावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांत तोच मुलगा कठीण मैदानावर एका दिवसात तीन-तीन सामने पूर्ण वेगाने खेळतो. चेंडू हलका असतो. आदळणाऱ्या पायाला त्याचा भेद नसतो. महाविद्यालयाच्या नोंदवहीत या षटकांचा कोठेच उल्लेख नसतो. क्रीडाशिक्षकाने तेथपासून आरंभ करावयास हवा: प्रत्येक गोलंदाजाची आठवड्याची षटके, गावच्या स्पर्धांसह, तारखेनिशी लिहून ठेवावीत. त्याला एक वही आणि मुलाचे खरे उत्तर, एवढेच लागते.