खांबातून निघणारा हात

जयपूरला राजपुताना ऑटोमोटिव्ह स्पोर्ट्स कार क्लबची जुन्या गाड्यांची रॅली भरते. जय महल पॅलेसच्या हिरवळीवर ऑस्टिन, मॉरिस, फोर्ड, शेवरलेट, ब्यूक अशा गाड्या ओळीने उभ्या राहतात. बघ्यांची गर्दी होते ती चकचकीत रेडिएटरपाशी, पितळी भोंग्यापाशी, बॉनेटच्या टोकावरच्या छोट्या मूर्तीपाशी. पुढचं दार आणि मागचं दार यांच्यामधल्या खांबाकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. १९३० ते १९६० या काळातल्या काही ब्रिटिश आणि जर्मन गाड्यांच्या खांबावर तिथे वीतभर लांबीची एक अरुंद उभी खाच असते. त्या खाचेत एक हात मिटून बसलेला असतो. ड्रायव्हरने बटण फिरवलं की तो खट्‌कन बाहेर येतो, आडवा होतो, पिवळट केशरी उजेडाने उजळतो आणि गाडी कुठे वळणार ते सांगतो. इंग्रजीत त्याला ट्रॅफिकेटर म्हणत. मोटारीच्या इतिहासात या हाताला मिळाली जेमतेम तीस वर्षं, पण त्यामागची धडपड त्याहून बरीच जुनी आहे.

मोटार आली तेव्हा वळण्याची खूण करायला माणसाचा हातच होता. ब्रिटनमध्ये १९३१ साली ‘हायवे कोड’ची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात मोटारचालकाने हात कसा दाखवावा हे होतंच, शिवाय घोडागाडी हाकणाऱ्याने चाबकाने खूण कशी करावी हेही होतं. भारतातल्या रस्त्यांवरही तीच परंपरा चालली. उजवीकडे वळायचं असेल तर उजवा हात बाहेर काढून आडवा धरायचा, तळवा समोर. थांबायचं असेल तर कोपरापासून हात उभा करायचा. वेग कमी करायचा असेल तर तळवा खाली करून हात वरखाली हलवायचा. मागच्याला पुढे जाऊ द्यायचं असेल तर हात पुढेमागे झुलवायचा.

अडचण होती ती डावीकडे वळण्याची. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याचा हात डाव्या खिडकीपर्यंत पोचणार कसा? म्हणून नियमाने उजवाच हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गोल फिरवायला सांगितलं. म्हणजे हात उजव्या बाजूला दिसतो आणि गाडी जाते डावीकडे. ज्याला नियम ठाऊक नाही त्याने यातून काय समजायचं? बैलगाडीवाल्याने, सायकलवाल्याने, उंटगाडी हाकणाऱ्याने मोटारीचं पुस्तक वाचलेलं नव्हतं. मालमोटारीवरचा क्लीनर डाव्या खिडकीतून हात बाहेर काढतो, तो याच अडचणीवर लोकांनी आपापल्या परीने काढलेला तोडगा आहे. महाराष्ट्रात ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ हे एसटीचं वाक्य घरोघर माहीत आहे. तिथे हात प्रवाशाचा असतो. त्याआधी कितीतरी वर्षं गाडी आणि रस्ता यांच्यातला सगळा संवाद ड्रायव्हरच्या हातावर चालला होता.

जयपूरसारख्या शहरात या हाताची मर्यादा चटकन लक्षात येते. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलेलं हे नगर सरळ रेषांचं आहे. त्याचे मुख्य रस्ते १११ फूट रुंद आखले गेले आणि ते एकमेकांना काटकोनात छेदतात. जिथे छेदतात तिथे मोकळ्या चौकोनी चौपडी आहेत, छोटी चौपड, बडी चौपड, रामगंज चौपड. मोटारीची कल्पनाही नव्हती तेव्हा आखलेलं हे शहर मोटारीला सोयीचं ठरलं, पण त्या रुंदीत खिडकीतून बाहेर आलेला एक हात तो केवढा दिसणार? पुण्यातल्या पेठेच्या बोळात ड्रायव्हरचा हात समोरच्याच्या नाकाशी येतो. बडी चौपडीत तोच हात टांगे, उंटगाड्या, सायकली आणि माणसं यांच्या गर्दीत हरवून जातो. संध्याकाळनंतर तर तो दिसतच नाही, आणि पावसात किंवा थंडीत तो बाहेर काढायला ड्रायव्हरच नाखूश असतो.

म्हणून संशोधकांच्या मनात पहिली कल्पना आली ती अगदी सरळ होती: हातच बनवायचा. पर्सी डग्लस-हॅमिल्टन यांना १९०९ मध्ये अमेरिकेत वळणाची सूचना देणाऱ्या उपकरणाचं पेटंट मिळालं, त्यातला दर्शक माणसाच्या हाताच्या आकाराचाच होता. आज हे चित्र बालिश वाटेल, पण त्यामागचा विचार पक्का होता. रस्त्यावरच्या प्रत्येकाला हाताची खूण आधीच कळत होती. नवं चिन्ह शिकवायला लागलं असतं तर ते शिकेपर्यंत अपघात झाले असते.

यानंतर जे नाव येतं ते मोटारीच्या कारखान्यातलं नाही, सिनेमातलं आहे. फ्लॉरेन्स लॉरेन्स. कॅनडात जन्मलेली ही मूकपटांची नटी अमेरिकन सिनेमाच्या पहिल्या ‘स्टार’मध्ये गणली जाते. तिला मोटारीचं वेड होतं. स्वतः गाडी चालवायची, तिची दुरुस्तीही समजून घ्यायची. १९१४ च्या सुमारास तिने गाडीच्या मागच्या बाजूला बसवायचा एक सिग्नल तयार केला. बटण दाबलं की हात वर येई किंवा खाली जाई आणि वळणाची दिशा दाखवी. तिने आणखी एक गोष्ट केली, आणि ती वळणाच्या हातापेक्षाही मोलाची आहे. ब्रेकचं पेडल दाबलं की मागे ‘स्टॉप’ लिहिलेली पाटी आपोआप उभी राही. ड्रायव्हरने वेगळं काही करायचं नाही. थांबण्याची क्रिया आणि थांबण्याची सूचना तिने एकाच पेडलला जोडली. आज जगातल्या प्रत्येक गाडीचा ब्रेक लाइट याच तत्त्वावर पेटतो.

लॉरेन्सने या दोन्ही कल्पनांचं पेटंट घेतलं नाही. तिची आई शार्लट ब्रिजवूड हिने मात्र १९१७ मध्ये विजेवर चालणाऱ्या काचपुसणीचं पेटंट घेतलं, पण तिलाही त्यातून पैसा मिळाला नाही. लॉरेन्सचा शेवट १९३८ मध्ये आत्महत्येने झाला. मोटारीच्या इतिहासात कारखानदारांची नावं ठळक छापली जातात. या मायलेकींची नावंही त्याच टाइपात छापली गेली पाहिजेत.

सुरुवातीचे हे दर्शक दोरीने, तारेने किंवा हवेच्या दाबाने चालत. तार म्हणजे सायकलच्या ब्रेकला असते तशी, आवरणातून सरकणारी. आत कळ ओढली की बाहेर हात उठायचा. तार ताणली गेली किंवा गंजली की हात अर्ध्यातच अडकायचा. ही यातायात संपली ती वीज आल्यावर. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत बॉशने विजेवर चालणारा हात बाजारात आणला, जर्मन लोक त्याला ‘विंकर’ म्हणत. ब्रिटनमध्ये ल्यूकस कंपनीचे ट्रॅफिकेटर गाडीगाडीत दिसू लागले.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. खांबाच्या आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि त्यात सरकणारा लोखंडी दांडा. बटण फिरवलं की वेटोळ्यात वीज वाहते, ते चुंबक बनतं आणि दांड्याला ओढून घेतं. दांड्याचं टोक हाताच्या बुडाला जोडलेलं असतं, त्यामुळे हात उचलला जातो. गाडी वेगात असताना वाऱ्याने किंवा खड्ड्यातल्या धक्क्याने हात आपोआप उघडू नये म्हणून एक छोटी खिट्टी असते. दांडा हलताना आधी खिट्टी सुटते, मग हात उठतो. हात बाहेर आला की आतला बारीक दिवा पेटतो आणि केशरी सेल्युलॉइडमधून उजेड बाहेर पडतो. बटण बंद केलं की चुंबक संपतं आणि हात स्वतःच्या वजनाने खाली येऊन खाचेत बसतो.

रेल्वेच्या जुन्या सिग्नलशी त्याचं नातं उघड आहे. तिथेही खांबावर हात होता, आणि ‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडीला वाट मोकळी झाली, हे मराठी माणसाने स्टेशनाच्या फलाटावर उभं राहून शिकलेलं आहे. रेल्वेचा हात पडून बोलायचा, मोटारीचा हात उठून.

पण मोटारीचा हात नाजूक होता. धूळ आणि वंगण एकत्र आलं की सांध्यात चिखल होई आणि हात उठायला तयार नसे. मग ड्रायव्हर किंवा शेजारी बसलेला माणूस आतून खांबावर बुक्की मारी. ही बुक्की जुन्या गाड्या चालवणाऱ्यांच्या आठवणीत जगभर आढळते. राजस्थानच्या कोरड्या, बारीक धुळीत तिची गरज किती वेळा पडत असेल याची कल्पना करता येते. उठलेला हात मिटायला विसरलं की तो तसाच बाहेर राही, आणि मग बाजूने जाणारा सायकलवाला नाहीतर उघडणारं दार त्याला मोडून टाकी. सगळ्यात मोठा दोष मात्र वेगळाच होता. हात असायचा गाडीच्या मध्यावर. अगदी मागून येणाऱ्याला किंवा थेट समोरून येणाऱ्याला तो बाजूने येणाऱ्याइतका स्पष्ट दिसत नसे, आणि दिवसाच्या प्रखर उन्हात त्या बारीक दिव्याचा काही उपयोग नसे.

हे हात भारतात केवळ परदेशी गाड्यांबरोबर आले असं नाही. इथे बनलेल्या गाड्यांतही ते होते, आणि त्या गोष्टीचा एक धागा जयपूर संस्थानापर्यंत जातो. बिर्ला घराण्याचं मूळ गाव पिलानी हे शेखावाटीतलं, म्हणजे तेव्हाच्या जयपूर संस्थानातलं. या घराण्यातल्या ब्रजमोहन बिर्लांनी १९४२ मध्ये हिंदुस्तान मोटर्सची स्थापना केली. कारखाना आधी गुजरातच्या किनाऱ्यावर ओखा बंदरात होता, नंतर बंगालमध्ये उत्तरपाड्याला गेला. कंपनीने मॉरिसच्या परवान्याने गाड्या बनवल्या. मॉरिस टेनवरून हिंदुस्तान टेन, मॉरिस ऑक्सफर्डवरून हिंदुस्तान फोर्टीन, आणि मॉरिस मायनरवरून बेबी हिंदुस्तान. त्या मूळ मॉरिस गाड्यांच्या दारांजवळच ट्रॅफिकेटरची खाच होती. ‘अँबेसेडर’च्या आधीच्या पिढीची भारतीय मोटार अशी हात उचलून वळत होती.

तिकडे अमेरिका वेगळ्या वाटेने गेली. ब्यूकने १९३९ च्या गाड्यांना मागच्या बाजूला लुकलुकणारे दिवे दिले, पुढच्या वर्षी ते पुढेही आले आणि वळण पूर्ण झालं की आपोआप बंद होण्याची सोयही आली. हलणारा भाग नाही, मोडायला काही नाही, आणि लुकलुकणाऱ्या उजेडाकडे डोळा आपसूक जातो. तरीही जगाने हात लगेच टाकला नाही. १९ सप्टेंबर १९४९ ला जिनिव्हात झालेल्या रस्ता वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारात दिशादर्शकाचे मान्य प्रकार दिले आहेत, त्यात गाडीबाहेर येणारा, स्थिर केशरी उजेडाचा हात आणि लुकलुकणारा दिवा हे दोन्ही आहेत. त्यानंतर दहाबारा वर्षांत निकाल लागला. फोक्सवॅगन बीटलने १९६० च्या सुमारास हात सोडला, मॉरिस मायनरने १९६१ मध्ये.

भारतीय कायद्याने या सगळ्या स्थित्यंतराची खूण जपून ठेवली आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने ड्रायव्हरने कोणत्या प्रसंगी कोणती खूण करावी हे ठरवून दिलं आणि त्याच जागी मुभा दिली की वळण्याची किंवा थांबण्याची सूचना गाडीला बसवलेल्या यांत्रिक किंवा विद्युत उपकरणानेही देता येईल. त्या वेळी ‘यांत्रिक’ हा शब्द अगदी प्रत्यक्षातला होता. पुढे १९८८ चा कायदा आला, आणि त्याच्या १२१ व्या कलमातही तो शब्द तसाच राहिला. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला अशा उपकरणाची मुभा आहे, डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला ते सक्तीचं आहे, कारण तिथल्या ड्रायव्हरचा हात रस्त्याच्या मधल्या बाजूला पोचतच नाही. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी वळणासाठी विजेवर चालणारे दिवे आवश्यक केले. पण त्याच वर्षीच्या रस्त्याच्या नियमांत उजव्या हाताच्या पाचही खुणा शब्दाशब्दाने लिहिलेल्या होत्या, डावीकडे वळताना हात गोल फिरवण्यासकट. हात, यंत्र आणि दिवा ही तिन्ही युगं आपल्या कायद्यात एकाच वेळी नांदत होती.

दिवा जिंकला ते योग्यच झालं. तो दिसतो, टिकतो आणि स्वस्त आहे. पण हाताला जुनाट खेळणं समजून बाजूला सारणं चूक ठरेल. नवं यंत्र रस्त्यावर आणताना आधीपासून तिथे असलेल्या माणसांची भाषा यंत्राने बोलावी, असा आग्रह त्या खाचेत घडी घालून ठेवलेला आहे. जयपूरच्या चौपडीत आज बॅटरी रिक्षा, मोटारसायकली आणि पायी माणसं एकमेकांत मिसळतात, बडी चौपडीच्या खालून २०२० पासून मेट्रो धावते, आणि वरच्या गर्दीत कितीतरी गाड्या दिवा असूनही तो न देता वळतात. त्या गर्दीत उभं राहिलं की जाणवतं, सूचना देणं हे समोरच्या माणसाशी बोलणं आहे.

जुन्या गाड्या जपणारे लोक इंजिनावर आणि रंगावर जीव टाकतात. ट्रॅफिकेटर पुष्कळदा खाचेतच गंजून जातो, कारण आता पुढेमागे लुकलुकणारे दिवे लावलेले असतात आणि त्याच्यावाचून काही अडत नाही. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी दिवे जरूर ठेवावेत, पण तो हातही चालता ठेवावा. वेटोळं पुन्हा गुंडाळता येतं, सांधा साफ करता येतो, सेल्युलॉइडचा तुकडा नवा घालता येतो. आणि हिवाळ्याच्या सुट्टीत जयपूरला जाणाऱ्या मराठी वाचकाला अशा रॅलीचा योग आला, तर त्याने बॉनेटपासून दोन पावलं मागे यावं, दारांमधल्या खांबाकडे बघावं, आणि गाडीच्या मालकाला तो हात एकदा उचलून दाखवायला सांगावं.