विरोध कशाला, हरकत कशावर? मॅन्स्टन विमानतळाचं उदाहरण

स्थानिक विरोधावर संशोधन करायचं म्हटलं की आपण काय करतो? नोंदवलेल्या हरकती गोळा करतो, त्यांचे गट पाडतो आणि मोजतो. माझाही सुरुवातीचा आराखडा असाच होता. पण यात एक गोची आहे. ती एका उदाहरणातून समजून घेऊ.

इंग्लंडमध्ये केंटच्या थॅनेट भागात मॅन्स्टन हा विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे हवाई दलाचा तळ होता. मे २०१४ मध्ये विमानतळ बंद पडला. पुढे 'रिव्हरओक स्ट्रॅटेजिक पार्टनर्स' या कंपनीने तो मुख्यतः मालवाहतुकीसाठी पुन्हा सुरू करण्याचा प्रस्ताव आणला.

इथे पहिली सावधगिरी. 'स्थानिकांचा विरोध' असं सरसकट लिहू नका. रोजगाराच्या आशेने पाठिंबा देणारी 'सेव्ह मॅन्स्टन एअरपोर्ट असोसिएशन' स्थानिकच, आणि 'नो नाइट फ्लाइट्स' म्हणणारेही स्थानिकच.

विरोध करणाऱ्यांना नेमकं काय खुपत होतं? धावपट्टीच्या पूर्वेला रॅम्सगेट हे जुनं बंदराचं शहर आहे आणि विमानांची वाट त्याच्या छपरांवरून जाते. म्हणजे प्रश्न झोपेचा, शाळांचा, घरांचा.

आता प्रक्रिया बघा. २००८ च्या नियोजन कायद्यानुसार, वर्षाला किमान १०,००० मालवाहू विमानफेऱ्यांची क्षमता वाढवणारा विमानतळ प्रकल्प 'राष्ट्रीय महत्त्वाचा' ठरतो. मग निर्णय स्थानिक परिषदेकडे राहत नाही, मंत्र्यांकडे जातो. त्याआधी तपासणी अधिकारी सुनावणी घेऊन शिफारस करतात. मॅन्स्टनच्या बाबतीत त्यांनी परवानगी नाकारावी असं सुचवलं. एक मोठं कारण म्हणजे या विमानतळाची गरजच पुरेशी सिद्ध झालेली नाही. तरीही जुलै २०२० मध्ये मंजुरी मिळाली.

एका रहिवासी महिलेने न्यायालयात दाद मागितली. निर्णयपत्रात पुरेशी कारणं दिलेली नाहीत हे सरकारने मान्य केलं आणि २०२१ मध्ये मंजुरी रद्द झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये ती पुन्हा देण्यात आली. तिलाही आव्हान दिलं गेलं, पण २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळलं.

गंमत बघा. २०२१ मध्ये आवाज जास्त होईल म्हणून मंजुरी रद्द झाली नाही. कारणं नीट लिहिली नव्हती म्हणून झाली. रात्रीच्या झोपेचा मुद्दा आदेशातल्या अटींमध्ये गेला: रात्री ११ ते सकाळी ६ नियोजित उड्डाणं नाहीत. फक्त न्यायालयाचे निकाल वाचले तर वाटेल, लोक मालवाहतुकीच्या मागणीवरच भांडत होते!

असं का होतं? व्यवस्था जे ऐकून घेते, त्याच भाषेत माणसं बोलायला शिकतात. 'मला झोप लागणार नाही' यापेक्षा 'गरज सिद्ध झालेली नाही' हे वाक्य कायद्याच्या चौकटीत जास्त चालतं. यात ढोंग काहीच नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या खऱ्या असू शकतात.

म्हणून वहीत दोन रकाने आखा. एकात 'काय पणाला लागलंय', दुसऱ्यात 'कोणत्या मुद्द्यावर हरकत घेतली'. दुसरा रकाना कागदपत्रांवरून भरता येईल. पहिल्यासाठी मात्र रॅम्सगेटसारख्या गावात जाऊन बसावं लागेल. दोन रकान्यांमध्ये जे अंतर दिसेल, तिथेच बहुतेक तुमचा संशोधनप्रश्न सापडेल.