पाळीव कुत्र्याचा चावा आणि मालकाचे दायित्व
भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला संभवणारा धोका किंवा जबर दुखापत टाळण्याइतकी खबरदारी जाणूनबुजून अथवा निष्काळजीपणे न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही शिक्षा चाव्याची नसून हलगर्जीपणाची असल्याने, फाटकाची कडी लावलेली होती काय, जिन्यात कुत्र्याची साखळी कोणाच्या हाती होती काय, हे तपशील निर्णायक ठरतात. उपचारांचा खर्च व बुडालेली मजुरी यांची भरपाई मात्र अपकृत्य, म्हणजे करारभंगाहून वेगळे असे दिवाणी स्वरूपाचे गैरकृत्य, या तत्त्वावर दिवाणी न्यायालयात मागता येते. कुत्रा पूर्वीही अंगावर धावून गेल्याचे मालकाला ठाऊक होते, असे सिद्ध झाल्यास त्याचा बचाव फारच दुबळा होतो, आणि ते न्याय्यच आहे.