फवारणी, शेणखड्डा व श्वासाचे संरक्षण

नेवासे तालुक्यातील वाकडी या गावी एप्रिल २०२४ मध्ये एक मांजर शेण साठविलेल्या जुन्या विहिरीत पडले. त्यास वाचविण्याकरिता एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, त्यामागून तिसरा, असे सहा जण आत गेले. त्यांपैकी पाच जण दगावले. ज्याच्या कमरेला दोर बांधलेला होता, तो तेवढा जिवंत वर काढता आला. त्यापूर्वी, २०१७ च्या हंगामात, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मृत्यू पावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. शेवगाव व पाथर्डी भागातील कपाशी, संगमनेर व राहाता भागातील डाळिंब, आणि जिल्हाभर पसरलेला कांदा यांवर अशीच औषधे फवारली जातात. म्हणून श्वासाच्या संरक्षणाचे कोणते साधन कोठे उपयोगी पडते व कोठे मुळीच पडत नाही, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

फवारणीच्या वेळी नाकातोंडाला उपरणे गुंडाळण्याची चाल सार्वत्रिक आहे. कापडाच्या विणीतून बारीक तुषार सहज आत जातात. वाफेस तर कापडाचा अडथळाच होत नाही. उलट औषधाने भिजलेले फडके तासन्‌तास तोंडाशी राहते, हा अपाय वेगळाच.

भुरी रोगाकरिता गंधकाची भुकटी धुरळताना किंवा धान्याचे कोठार झाडताना हवेत केवळ कण असतात. अशा कामास कण अडविणारा साधा मास्क पुरेसा होतो. त्यावर भारतीय मानक ९४७३ व ‘एफएफपी २’ अशी खूण पाहून घ्यावी. या प्रतीचा मास्क शेकडा ९४ कण तरी अडवितो. परंतु द्रवरूप कीटकनाशकाची गोष्ट निराळी आहे. त्यातून तुषार व वाफ दोन्ही निघतात, आणि कणांच्या मास्कमधून वाफ निर्वेधपणे आत जाते. तेथे सेंद्रिय वाफेसाठी बनविलेली, सक्रिय कोळशाची डबी व तिच्या पुढे कण गाळणारी चकती असलेला रबरी मास्क लागतो. सर्वांत जपून राहण्याची वेळ फवारणीची नसून बाटलीतील दाट औषध पाण्यात मिसळण्याची होय. मास्क त्यापूर्वीच चढवावा.

मास्क चेहऱ्यास घट्ट बसला आहे की नाही, हे पाहणे सोपे आहे. दोन्ही डब्यांची तोंडे तळहातांनी झाकून श्वास आत ओढावा. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच राहिला तर ठीक. कडेने हवा शिरली तर पट्टे आवळावेत. दाढी राखलेल्या चेहऱ्यावर तो नीट बसत नाही. कोळसा वाफ शोषून शोषून अखेर भरून जातो. आत औषधाचा वास अथवा चव येताच शेताबाहेर येऊन डबी बदलावी. मात्र काही औषधांना वासच नसतो. तेव्हा उत्पादकाने दिलेली मुदत पाळणे हेच श्रेयस्कर. एरवी डबी हवाबंद पिशवीत ठेवावी, कारण उघड्यावर ती आपोआप निकामी होते. पंपाची नळी गळू लागली तर ती त्याच दिवशी बदलली जाते; डबी मात्र दोन-दोन हंगाम चालविली जाते, हे चमत्कारिक आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. फवारणीतील विष पुष्कळ अंशी कातडीवाटे शरीरात जाते. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा अंगरखा व चष्मा नसेल तर उत्तम मास्कही अपुराच. डब्यावरील त्रिकोण लाल किंवा पिवळा असल्यास विशेष दक्षता घ्यावी. मजुरास ही साधने पुरविणे ही मालकाची केवळ मेहेरबानी नव्हे. कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये संरक्षक कपडे व श्वसनसाधने यांची तरतूद आहे. धान्यात ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांपासून फॉस्फीन हा वायू निघतो. त्यास वरील डबी चालत नाही; ते काम प्रशिक्षित धुरीकरणवाल्यांवरच सोपवावे.

आता शेणखड्डा. कोळशाची डबी हवा गाळते, निर्माण करीत नाही. स्वच्छ हवेत शेकडा सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. कुजणाऱ्या शेणाच्या बंदिस्त खड्ड्यात तो फार घटलेला असू शकतो आणि त्याची जागा कर्बद्विप्राणिद, मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू घेतात. यांतील शेवटच्याचा कुजक्या अंड्यासारखा वास प्रथम येतो; प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते व वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत येथे घातक आहे. विषारी वायूची मात्रा दिव्यास कळत नाही, आणि मिथेन पेट घेऊ शकतो.

अशा जागी पाठीवरील सिलिंडरातून स्वतंत्र हवा पुरविणारे साधनच चालते. ते अग्निशमन दलाकडे असते, शेतावर नसते. सबब खड्ड्यात उतरूच नये. गाळ बाहेरून पंपाने उपसावा व तोंडावर मजबूत जाळी बसवावी. कोणी पडल्यास इतरांस आत जाण्यापासून रोखावे, ११२ क्रमांकावर कळवून खड्ड्यात वायू असल्याचे स्पष्ट सांगावे आणि पडलेला मनुष्य शुद्धीवर असल्यास वरूनच दोर सोडावा.