डबेवाल्यांच्या पाठशाळेत

परदेशात व्यापार-उद्योगाचे शिक्षण घेणारे विद्यार्थी अभ्याससहलीसाठी भारतासारख्या विकसनशील देशात येतात. मोठमोठे कारखाने ते पाहतातच. परंतु मुंबईस आले म्हणजे त्यांची पावले पुष्कळदा चर्चगेट स्थानकाकडे वळतात. तेथे त्यांचे गुरू असतात पांढऱ्या टोपीचे डबेवाले!

महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली हा व्यवसाय सुरू केला. डबेवाले बहुतांशी मावळ, जुन्नर, आंबेगाव या भागांतले. अनेकांचे शालेय शिक्षण बेताचेच. घरून निघालेला डबा कचेरीत पोचेपर्यंत कित्येक हातांतून जातो. मग तो चुकत कसा नाही? उत्तर झाकणावरच असते. डबा कोणत्या स्थानकावर उतरवावा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर द्यावा, हे तेथील रंग आणि मोजकी अंकाक्षरे सांगतात. आगगाडी कोणासाठी थांबत नाही. एकाने उशीर केला, तर साऱ्यांचा खोळंबा होतो आणि कोणीतरी उपाशी राहतो. म्हणून अडलेल्याचे काम सोबत्याने उचलावे, हा त्यांचा रिवाज.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवस्थापनशाळेने २०१० साली या पद्धतीवर अभ्यासपाठ तयार केला. पुढे २०२० च्या टाळेबंदीत लोकलगाड्या थांबल्या, डबे थांबले आणि अनेकांना गावची वाट धरावी लागली. उत्तम व्यवस्थाही साऱ्या शहराच्या आधारावर उभी असते, हाही एक धडाच होय.

दूरदेशीचा विद्यार्थी डोक्यावर डब्यांचा भार वाहणाऱ्या माणसाला नम्रपणे प्रश्न विचारतो, तेव्हा श्रमाला त्याचा खरा मान मिळतो.